आयबीएस की आयबीडी? पोटाच्या जुन्या दुखण्याचा माग कसा काढायचा

महिनोन्‌महिने पोट बिघडलेलं आहे. कधी कळ येऊन संडासला पळावं लागतं, कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही, कधी जेवण झाल्या झाल्या पोट फुगतं. अशा वेळी डॉक्टरांच्या तोंडून, नातेवाइकांकडून किंवा इंटरनेटवरून दोन नावं कानावर पडतात: आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आणि आयबीडी, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. पोटदुखी, जुलाब, घाईची संडास, आव पडणं हे दोन्हींत असतं, त्यामुळे गोंधळ होणं स्वाभाविक आहे. पण आयबीडीत आतड्याला सूज येऊन जखमा होतात आणि आयबीएसमध्ये होत नाहीत. इथून पुढे औषधं, धोके आणि पुढच्या वर्षांची आखणी सगळंच बदलतं.

बहुतेक लोक त्रास किती होतो यावरून आजार किती मोठा हे ठरवतात. या दोन आजारांच्या बाबतीत हा अंदाज हमखास चुकतो. आयबीएसची कळ माणसाला अंथरुणाला खिळवू शकते, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर आतडं अगदी निरोगी दिसतं. उलट क्रोन्स आजार या आयबीडीच्या एका प्रकारात आतडं आतून चिघळत आणि अरुंद होत असताना माणूस ‘जरा अपचन होतंय’ म्हणत वर्ष-दोन वर्षं काढतो. म्हणून दुखतं किती हे बाजूला ठेवून खुणा कोणत्या आहेत हे पाहायला शिकावं लागतं.

आधी आजार समजून घेऊ

आयबीडीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती आतड्याच्या भिंतीवरच उलटते. आनुवंशिकता, आतड्यातले जीवाणू आणि बाहेरचं वातावरण या तिन्हींचा त्यात वाटा असतो; एखाद्या पदार्थामुळे किंवा एखाद्या चुकीमुळे आयबीडी होत नाही. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर सरकतो, मोठ्या आतड्यापुरता राहतो आणि प्रामुख्यानं आतल्या अस्तराला धरतो. अस्तरच सोललं गेल्यामुळे रक्त लवकर दिसतं. क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जास्त आढळतो, आणि मध्ये निरोगी भाग सोडून तुकड्यातुकड्यानं पसरतो. तो आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो, म्हणून आतडं अरुंद होणं, पू साठणं, एका आतड्यातून दुसऱ्यात किंवा त्वचेपर्यंत वाट फुटणं हे प्रकार त्यात होतात. १९३२ साली न्यूयॉर्कमधल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून तो क्रोन यांच्या नावानं ओळखला जातो. आयबीडी कोणत्याही वयात होतो, तरी पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होण्याचं प्रमाण मोठं आहे.

आयबीएसमध्ये आतड्याची रचना शाबूत असते, काम बिघडलेलं असतं. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते, त्या देवाणघेवाणीत हा बिघाड असतो. आतड्यातल्या मज्जातंतूंची संवेदना वाढलेली असते, त्यामुळे इतरांना जाणवणारही नाही एवढ्या गॅसनं किंवा ताणानं खरोखरचं दुखतं. आतड्याची हालचाल कधी अतिवेगानं होते, कधी मंदावते. पोटाच्या तीव्र संसर्गानंतर साधारण दहापैकी एका माणसाला पुढे आयबीएस मागे लागतो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे हे मज्जातंतू संसर्ग संपल्यावरही साध्या जेवणाला बिचकत राहतात. रिपोर्ट नॉर्मल आले की ‘तुला काही झालेलं नाही’ असं घरचे म्हणतात, ते चूक आहे. जखम नाही, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ.

आयबीएसचं रूपांतर पुढे आयबीडीत होत नाही. त्यानं आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढत नाही आणि आयुष्यही कमी होत नाही. तो आयबीडीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो: २०१६ च्या रोम ४ या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार जगभरात शंभर प्रौढांमागे साधारण चौघांना, आणि जुन्या, थोड्या सैल निकषांनुसार त्याहून बऱ्याच जास्त लोकांना. आयबीडीचं प्रमाण जिथे सर्वांत जास्त आहे अशा देशांतही ते शंभरात एकाच्या आसपास राहतं. म्हणजे जुनाट पोटदुखीच्या माणसाला आयबीएस असण्याची शक्यताच अधिक. पण आयबीडी हुकला तर त्याची किंमत फार मोठी असते, म्हणून सुरुवात त्याच्या खुणा शोधण्यापासून करायची.

पायरी १: धोक्याच्या खुणा तपासा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, सावकाश वाचा.

रक्त. आयबीएसमुळे शौचातून रक्त जात नाही, कधीच नाही. आयबीएस असलेल्या माणसाला मूळव्याध किंवा गुदद्वाराला चीर असू शकते आणि ते रक्त तिथलं असू शकतं. ते बहुधा लालभडक असतं, शौच झाल्यावर थेंबथेंब पडतं किंवा पुसताना दिसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये रक्त बऱ्याचदा शौचात आणि आवेत मिसळलेलं असतं. हा फरक डॉक्टरांना सांगण्यासाठी लक्षात ठेवा, स्वतः निदान करण्यासाठी नको. ‘मूळव्याधच असेल’ असं गृहीत धरून वर्षभर मलम लावत बसल्यामुळे आयबीडी आणि कर्करोग दोन्ही उशिरा सापडतात.

रात्र. गाढ झोपेतून उठवून संडासला नेणारे जुलाब ही आयबीएसची रीत नाही, कारण झोपेत त्याचं आतडंही बहुतेकदा शांत असतं. इथे एक बारकावा आहे. पहाटे जाग आली आणि मग घाईनं जावं लागलं, लागोपाठ दोन-तीन वेळा गेलं, हे आयबीएसमध्ये नेहमीचं आहे. मध्यरात्री कळेनं किंवा जुलाबाच्या भीतीनं जाग येणं ही वेगळी गोष्ट. डॉक्टर ‘रात्री उठावं लागतं का’ असं विचारतात तेव्हा त्यांना हेच हवं असतं. झोप लागत नाही म्हणून जागे असताना गेलात, की झोप मोडून जावं लागलं, ते स्पष्ट सांगा.

वजन. खाणं मुद्दाम कमी न करता कपडे सैल होत असतील तर ती गंभीर खूण आहे. मुलांमध्ये वजन घटण्याऐवजी उंची वाढायची थांबते किंवा वयात येणं लांबतं. क्रोन्स आजार पोटदुखीच्या आधी अशा रीतीनंही दिसू शकतो.

पुन्हा पुन्हा येणारा ताप, हिमोग्लोबिन कमी असणं, पोटात हाताला लागणारी गाठ, आणि गुदद्वाराजवळ गळू होऊन पू येणं किंवा शस्त्रक्रियेनंतरही परत होणारं भगंदर. यातलं शेवटचं लोक लाजेनं लपवतात. सोबत जुलाब किंवा पोटदुखी असेल तर क्रोन्सचा विचार झालाच पाहिजे, तेव्हा ते अवश्य सांगा.

वय आणि घराणं. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय पहिल्यांदाच बदलली असेल तर आयबीएसचं नाव घाईनं घेऊ नये, आधी मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना हे पाहावं लागतं. आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला आयबीडी, आतड्याचा कर्करोग किंवा सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला होणारी इजा) असेल तर तेही मोजलं जातं.

पोटाबाहेरच्या खुणा. सुजणारे गुडघे-घोटे, सकाळी ताठरणारी कंबर, लाल होऊन दुखणारा डोळा, नडग्यांवर उठणाऱ्या लालसर दुखऱ्या गाठी, तोंडात वारंवार येणारे फोड. हाडांच्या डॉक्टरांकडे एक फाइल, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुसरी आणि पोटाची तिसरी, अशी विभागणी झाली की कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. सगळं एका जागी सांगा.

यातली एकही खूण असली तरी पुढच्या पायऱ्या वेगानं घ्यायच्या, नोंदवही भरण्यासाठी थांबायचं नाही. आणि काही परिस्थितींत त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी जलद, पोट फुगून असह्य दुखणं, उलट्या, गॅसही न सरणं, किंवा भरपूर रक्त जाऊन चक्कर येणं. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी स्वतःहून घेऊ नका. सुजलेलं मोठं आतडं त्यानं आणखी सुस्त होऊन धोकादायक प्रमाणात फुगू शकतं.

पायरी २: दोन-तीन आठवड्यांची नोंद ठेवा

धोक्याची खूण नसेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी एक साधी नोंद ठेवा. लांबलचक रोजनिशी नको, रोज चार ओळी पुरे. शौचाला किती वेळा आणि कोणत्या वेळी गेलात, शौच कसं होतं, दुखणं शौचाच्या आधी, नंतर की त्याच्याशी संबंध नसताना, आणि रक्त किंवा आव दिसली का. आठवड्यातून एकदा वजन. घेतलेलं प्रत्येक औषध, विशेषतः वेदनाशामक गोळ्या आणि अँटिबायोटिक. स्त्रियांनी पाळीचे दिवसही लिहावेत, कारण आयबीएसचा त्रास पाळीच्या सुमारास वाढतो आणि एंडोमेट्रिओसिसही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) पोटाच्या दुखण्यासारखा भासतो.

शौचाचं वर्णन करताना संकोच वाटतो, म्हणून ब्रिस्टल तक्ता वापरा. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या कडक लेंड्या, दुसरा गाठाळ, तिसरा आणि चौथा हे निरोगी, पाचवा मऊ सुटे तुकडे, सहावा पिठाळ आणि सातवा निव्वळ पाणी. फक्त आकडा लिहायचा. प्रकार एक-दोन जास्त दिसले तर बद्धकोष्ठाचा आयबीएस, सहा-सात जास्त दिसले तर जुलाबाचा, दोन्ही आलटून पालटून दिसले तर मिश्र, असे आयबीएसचे उपप्रकारही याच आकड्यांवरून ठरतात आणि औषध त्यानुसार बदलतं.

रोम ४ निकषांनुसार आयबीएस म्हणण्यासाठी गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखलेलं असावं, आणि त्या दुखण्यासोबत पुढच्या तीनपैकी दोन गोष्टी असाव्यात: दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल, शौचाच्या स्वरूपात बदल. शिवाय लक्षणं सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. पोट दुखतच नसेल, नुसते जुलाब असतील, तर या निकषांत तो आयबीएस बसत नाही आणि दुसरं कारण शोधावं लागतं.

पायरी ३: डॉक्टरांना काय सांगायचं

दवाखान्यात वेळ थोडा असतो. ‘पोट ठीक नाही’ इथून सुरुवात केलीत तर तो प्रश्नोत्तरांतच संपतो. पहिल्या तीन-चार वाक्यांत हे सांगा: त्रास कधी सुरू झाला, त्याआधी जुलाब-उलटीचा संसर्ग झाला होता का, पहिल्या पायरीतल्या कोणत्या खुणा आहेत आणि कोणत्या नाहीत, आणि कोणती औषधं चालू आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं आतड्याला स्वतःच इजा करतात आणि आयबीडी भडकवू शकतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही जुलाब होतात. पित्ताशय काढलेलं असेल तर तेही सांगा, त्यानंतर पित्तरसामुळे जुलाब लागू शकतात.

पायरी ४: रक्त आणि मलाच्या तपासण्या

सुरुवातीच्या तपासण्या थोड्याच असतात. हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (सुजेची रक्तातली खूण), थायरॉइड, सिलिअ‍ॅक आजारासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, आणि मलाची तपासणी. सिलिअ‍ॅकच्या तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हिमोग्राममध्ये हिमोग्लोबिन कमी आणि प्लेटलेट्स जास्त, रक्तातलं अल्ब्युमिन कमी, असं दिसलं तर सुजेचा संशय वाढतो. सीआरपी नॉर्मल आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका; सौम्य अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो.

सगळ्यांत उपयोगी पडते ती फीकल कॅलप्रोटेक्टिन ही मलाची तपासणी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये हे प्रथिन असतं. आतड्याला सूज आली की या पेशी तिथे गोळा होतात आणि हे प्रथिन मलात उतरतं. आयबीएसमध्ये सूज नसल्यामुळे ते वाढत नाही. म्हणजे जो प्रश्न पोटावर हात ठेवून सुटत नाही, त्याचं उत्तर मलाच्या लहानशा नमुन्यातून बऱ्याच अंशी मिळतं. इतकी सोपी तपासणी असताना थेट सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनकडे धाव घेतली जाते, हे मला पटत नाही.

आकडा असा वाचायचा. एक ग्रॅम मलात ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल आणि धोक्याच्या खुणा नसतील, तर प्रौढांमध्ये आयबीडीची शक्यता फार कमी. २५० च्या वर असेल तर आतड्यात सूज आहे असं धरून पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात असेल तर वेदनाशामकं बंद ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा थोड्या बदलतात. वाढलेला आकडा सूज आहे एवढंच सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. संसर्ग, क्षय, कर्करोग, वेदनाशामक गोळ्या यांनीही तो वाढतो. उलट क्रोन्स फक्त लहान आतड्यात असेल तर तो कधीकधी फारसा वाढत नाही, म्हणून खुणा ठळक असतील तर नॉर्मल आकड्यावर थांबत नाहीत.

जुलाब नवे असतील तर संसर्गासाठी मल तपासणं आवश्यक आहे. अलीकडे अँटिबायोटिक घेतलं असेल तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जीवाणूची तपासणी मागा. तो आयबीडीसारखाच दिसतो आणि आधीच आयबीडी असलेल्याला जास्त छळतो.

पायरी ५: दुर्बिणीची तपासणी, लागली तरच

वय पंचेचाळिशीच्या आत, एकही धोक्याची खूण नाही, रक्त आणि कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल, सिलिअ‍ॅक नाही, आणि लक्षणं रोम ४ मध्ये बसतात, अशा माणसाला आयबीएस म्हणण्यासाठी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, लागत नाही. ‘सगळं करून टाकू, म्हणजे शंका नको’ हा विचार समजण्यासारखा आहे, पण त्यानं शंका क्वचितच मिटते. नॉर्मल रिपोर्टनं मिळालेला दिलासा काही आठवडे टिकतो, कळ मात्र पुन्हा येते आणि मग आणखी मोठ्या तपासणीची ओढ लागते.

खूण असेल किंवा कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं असेल तर मात्र कोलोनोस्कोपी टाळू नका. त्यासाठी दुर्बीण लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात नेऊन पाहिली जावी आणि अस्तराचे लहान तुकडे बायोप्सीसाठी घेतले जावेत. पाण्यासारखे जुलाब दीर्घकाळ असतील तर अस्तर डोळ्यांना नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी हवी, कारण मायक्रोस्कोपिक कोलायटिस सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. या दोन्ही गोष्टी होणार आहेत का, हे आधीच विचारून घ्या. तपासणी गुंगीत होते. खरी कसोटी आदल्या दिवशी आतडं रिकामं करण्याची असते. औषधाचं पाणी अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे, असं विभागून घेतलं तर ते सोसतंही आणि आतडं अधिक स्वच्छ होतं.

लहान आतड्याचा मधला भाग कोलोनोस्कोपीत दिसत नाही. त्यासाठी एमआर किंवा सीटी एंटरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचं स्कॅन, करतात. कॅप्सूल कॅमेराही आहे, पण आतडं अरुंद झालेलं असेल तर तो अडकू शकतो, म्हणून तो गिळण्याआधी अरुंद जागा नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

पायरी ६: निदान नेमकं लिहून घ्या

इथे सर्वांत जास्त घोळ होतो. कागदावर नुसतं ‘कोलायटिस’ (म्हणजे मोठ्या आतड्याची सूज) लिहिलेलं असेल तर कोणता कोलायटिस, असं विचारा. संसर्गानं होणारा काही दिवसांत बरा होतो, अल्सरेटिव्ह आयुष्यभर सांभाळावा लागतो, आणि आयबीएसमध्ये कोलायटिस असतच नाही. बायोप्सीत ‘नॉनस्पेसिफिक’ (नेमकं कारण न दाखवणारी) सूज दिसली म्हणजे आयबीडी ठरत नाही. जुना संसर्ग किंवा वेदनाशामक गोळ्यांनीही तसं दिसतं. लहान आतड्याच्या टोकाला दोन-चार बारीक व्रण दिसले म्हणून लगेच क्रोन्सचा शिक्का मारणं आणि वर्षानुवर्षं औषधं चालू ठेवणं, हेही होऊ नये.

क्षयरोग जिथे जास्त आहे तिथे आणखी एक अवघड प्रश्न येतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स आजार दोन्ही लहान आतड्याच्या टोकालाच ठाण मांडतात, दोन्हींत ताप, वजन घटणं आणि आतडं अरुंद होणं असतं, आणि बायोप्सीतही ते सारखे दिसू शकतात. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. क्रोन्स समजून क्षयाच्या रुग्णाला स्टिरॉइड दिलं तर क्षय पसरू शकतो. म्हणून बायोप्सीच्या तुकड्यांवर क्षयाच्या तपासण्या झाल्यात का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तरीही उलगडा होत नसेल तर काही वेळा डॉक्टर आधी क्षयाची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीनं पाहतात: व्रण भरले तर क्षय, जैसे थे राहिले तर क्रोन्स. या काळात धीर धरावा लागतो, पण ही टाळाटाळ नसते.

आयबीडी ठरला तर कागदावर प्रकार, आतड्याचा किती आणि कोणता भाग, आणि तीव्रता या तीन गोष्टी असाव्यात. आयबीएस ठरला तर उपप्रकार असावा.

पायरी ७: आयबीएस असेल तर

जेवणाच्या वेळा पाळणं, चहा-कॉफी आणि मद्य कमी करणं, रोज चालणं, हे कंटाळवाणं वाटलं तरी काम करतं. तंतू वाढवायचे तर विरघळणारे, म्हणजे इसबगोलसारखे, आणि अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू. गव्हाच्या कोंड्यानं अनेकांचं पोट आणखी फुगतं.

एवढ्यानं भागलं नाही तर लो-फॉडमॅप आहार आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात तो विकसित झाला. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, काही फळं यांतल्या कर्बोदकांना आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि गॅस व पाणी वाढतं; ते पदार्थ चार-सहा आठवडे थांबवायचे. लोक इथेच थांबतात आणि वर्षानुवर्षं निम्मं ताट सोडून देतात. ते चुकीचं आहे आणि त्यानं कुपोषण होऊ शकतं. पहिल्या टप्प्यानंतर एकेक गट परत सुरू करून पाहायचा आणि ज्यानं त्रास होतो तेवढाच कायम कमी ठेवायचा. आहारतज्ज्ञांच्या मदतीनं केलं तर चांगलं.

औषधं उपप्रकारानुसार: कळेसाठी आतड्याचा पीळ सोडवणारी औषधं किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, जुलाबासाठी लोपेरामाइड किंवा रिफॅक्सिमिन, बद्धकोष्ठासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लिनाक्लोटाइड. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्याचं जुनं औषध अगदी कमी मात्रेत आतड्याच्या वेदना कमी करतं. ते लिहून दिलं म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला मानसिक रुग्ण ठरवलं असा अर्थ काढू नका. मात्रा पाहा, ती नैराश्यासाठी लागते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. वर्तनोपचार आणि आतड्यासाठीची संमोहन चिकित्सा यांचाही फायदा अभ्यासांत दिसला आहे.

पायरी ८: आयबीडी असेल तर

इथे लक्ष्य दोन: त्रास थांबवणं आणि आतड्याचं अस्तर भरून आणणं. पहिलं साधलं की दुसरं साधलंच असं नसतं. सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसला मेसालामाइन हे पहिलं औषध. आजार गुदाशयाजवळ असेल तर सपोझिटरी किंवा एनिमा तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त गुण देतात, संकोचानं ते नाकारू नका. स्टिरॉइड भडका शमवण्यासाठी असतं, वर्षानुवर्षं घेण्यासाठी नसतं. त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. ते वारंवार लागत असेल तर पुढच्या औषधांबद्दल विचारायची वेळ झाली असं समजा. त्यात अझाथायोप्रिन आहे, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅबसारखी जैविक औषधं (सुजेचे विशिष्ट निरोप अडवणारी इंजेक्शनं) आहेत, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. जैविक औषधांआधी लपलेला क्षय आणि हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी घेता येत नाहीत, म्हणून लसीकरणाचं आधीच विचारून घ्या.

बरं वाटू लागलं की औषध बंद करणं हे भडक्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून करा. क्रोन्स असेल तर धूम्रपान थांबवा. त्यानं आजार वाढतो आणि शस्त्रक्रियेची शक्यताही. आतडं अरुंद झालेलं असेल तर चोथा असलेले पदार्थ अडकू शकतात, तेव्हा ‘तंतू खा’ हा सर्वसाधारण सल्ला इथे लागू नाही. मूल हवं असेल तर आजार शांत असतानाचा काळ निवडा. बहुतेक औषधं गरोदरपणात चालू ठेवता येतात, सगळी मात्र नाहीत: उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) काही महिने आधीच थांबवावं लागतं. आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग आजारात असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून सुमारे आठ वर्षांनी कर्करोगाच्या शोधासाठी ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी सुरू होते, तब्येत उत्तम असली तरीही.

दोन्ही एकत्र असतील तर, आणि पुन्हा तपासायचं केव्हा

आयबीडी शांत झालेल्या रुग्णांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांना आयबीएससारखा त्रास होतच राहतो. अशा वेळी कळ आली की ‘भडकलं’ म्हणून स्टिरॉइड सुरू करणं घातक आहे. आधी कॅलप्रोटेक्टिन पाहा. ते कमी असेल तर आयबीएसचे उपचार करा, आयबीडीचं औषध आहे तसं चालू ठेवा. ते वाढलेलं असेल तर संसर्ग नाही ना हे बघून मग औषध वाढवा.

आयबीएसचं निदान एकदा योग्य रीतीनं झालं की दरवर्षी त्याच तपासण्या करायची गरज नसते. पण दहा वर्षं आयबीएस असलेल्या माणसालाही उद्या आतड्याचा दुसरा आजार होऊ शकतो. रक्त दिसलं, झोपेतून उठावं लागू लागलं, वजन उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं किंवा दुखण्याची तऱ्हाच बदलली, तर चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. त्या भेटीत ‘नेहमीचाच त्रास आहे’ असं म्हणू नका. काय बदललं आणि केव्हापासून, हे पहिल्याच वाक्यात सांगा.